तारेच्या लांबीचा हिशेब

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातला ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालतो, तेव्हा त्याच्या जनित्रातून सुमारे २१ हजार व्होल्टला १६ हजार अँपिअर करंट निघतो. एवढ्या करंटला तार पुरत नाही, ॲल्युमिनिअमच्या जाड नळ्या लागतात. पण थोड्याच अंतरावर ट्रान्सफॉर्मर आहे. तो दाब चार लाख व्होल्टवर नेतो आणि करंट साडेआठशेच्या आसपास उतरतो. पॉवर मात्र तेवढीच राहते. एक वाढवा, दुसरं घटतं, कारण पॉवर या दोघांच्या गुणाकाराच्या पटीत असते. हे आज दहावीच्या पोरालाही येतं, पण कागदावर उतरायला बराच काळ लागला.

सुरुवात एका मास्तरापासून होते. गेऑर्ग ओहम जर्मनीतल्या एर्लांगेनच्या कुलूप-कारागिराचा मुलगा. कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवायचा. वेगवेगळ्या लांबीच्या तारा घ्यायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि चुंबकसूची किती वळते ते टिपायचं, हा त्याचा उद्योग. १८२५ मध्ये त्याने जे सूत्र छापलं ते चुकलं. त्या काळच्या बॅटऱ्या जोडल्याजोडल्या मंदावत, मग मोजमाप जुळणार कसं? पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने सुचवलं की बॅटरी सोडा, दोन धातूंच्या सांध्याला उष्णता देऊन वीज मिळवा. ओहमने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. वीज स्थिर झाली आणि आकडे रांगेत आले. १८२६ च्या त्याच्या सूत्रात तारेची लांबी भागाकाराच्या रेषेखाली बसली आहे: तार जेवढी लांब, करंट तेवढा कमी. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं, पण मायदेशात स्वागत थंडच झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

खरं तर जवळपास अर्धं शतक आधी हेन्री कॅव्हेंडिश याच निष्कर्षापाशी पोचला होता. मोजायला यंत्र नव्हतं म्हणून तो स्वतःला झटके देऊन त्यांचा जोर ताडायचा! पण त्याने ते छापलंच नाही. १८७९ मध्ये मॅक्सवेलने त्याच्या वह्या प्रसिद्ध केल्या, तोवर नियमाला ओहमचं नाव लागून गेलं होतं.

दुसरा धागा इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचा. बिअर बनवणाऱ्या घरातल्या जेम्स जूलने तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, वीज सोडली आणि थर्मामीटर वाचला. १८४१ मध्ये त्याने छापलं: उष्णता तारेच्या रोधाच्या, म्हणजे अडथळ्याच्या, पटीत वाढते, पण करंटच्या वर्गाच्या पटीत. करंट दुप्पट, तर तारेतली नासाडी चौपट. माझ्या मते वीजवहनाचा सगळा संसार या एका वर्गावर उभा आहे. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टला १७५ किलोमीटर वीज नेली, तेव्हा दाब पंधरा हजार व्होल्टवर चढवला होता. निम्म्याहून जास्त, जवळपास पाऊण वीज पोचली आणि शंका घेणारे गप्प झाले.

चंद्रपुरात हाच हिशेब टोकाला नेलेला दिसतो. १९९९ मध्ये सुरू झालेली चंद्रपूर–पडघे ही एकदिश प्रवाहाची लाइन ७५२ किलोमीटर धावत ठाणे जिल्ह्यात पोचते. एका बाजूला अधिक पाच लाख व्होल्ट, दुसऱ्या बाजूला उणे पाच लाख, दोहोंत दहा लाखांचं अंतर. क्षमता १५०० मेगावॉट. भागून पाहा: करंट फक्त १५०० अँपिअर. म्हणजे तीन मोठ्या संचांची पॉवर एका जनित्राच्या दहाव्या हिश्शाहून कमी करंटमध्ये राज्य ओलांडते. कोळसा इथला, पाणी इरई धरणाचं, राखही इथेच राहते. मुंबईकडे जाते ती वीज, आणि तिची वाटेत सांडलवंड होऊ नये याची चोख व्यवस्था आहे.

उलट टोक गडचिरोलीच्या जंगलात. तिथे दाब ११ हजार व्होल्टचा, गावं विरळ, आणि डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, पुढे ४१५ व्होल्टची लाइन शेताशेतांतून लांबत जाते. ओहमच्या सूत्रातली ती लांबी इथे भेटते. धानाच्या हंगामात सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की शेवटच्या खांबावर व्होल्टेज पडतं. जुना साठ वॉटचा बल्ब १६० व्होल्टला निम्म्यावर येतो, एवढंच. मोटरचं तसं नाही. पाण्याचा भार तोच असल्याने दाब कमी पडला की ती जास्त करंट ओढते. पाच एचपीची मोटर साडेसातऐवजी नऊ अँपिअर घेऊ लागली, तर करंट वीस टक्के वाढला, पण वाइंडिंगमधली उष्णता चव्वेचाळीस टक्के. जूलचा वर्ग! मग वास येतो, मोटर जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या माथी.

तक्रार करताना ‘व्होल्टेज कमी आहे’ एवढंच लिहू नका. लाइनमनला सांगा, मोटर चालू असताना खांबावर आणि घराशी, दोन्हीकडे व्होल्ट मोजा, आणि टाँगटेस्टरने करंट पाहा. समजा खांबावर २१५ व्होल्ट, घराशी १९१, करंट १० अँपिअर. फरक २४ व्होल्ट. त्याला दहाने भागलं की सर्व्हिस वायरचा रोध २.४ ओहम, दहाने गुणलं की वायरीतच जळणारे २४० वॉट. अडीच चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनिअम वायरचा रोध किलोमीटरला साधारण बारा ओहम, म्हणजे खांब शंभर मीटरवर असेल तर जाऊन-येऊन एवढाच भरतो. अशा वेळी दोष तुमच्या वायरीचा, ती जाड घ्या. खांबावरच व्होल्ट पडलेले असतील तर दोष लाइनचा, आणि ते आकडे तारीख-वेळेसह अर्जात लिहा.