जात्याचा दुसरा हात

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पुस्तकांशी आमची ओळख झाली ती युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली. म्हणून वाङ्मयाचा इतिहास वाचताना आम्हांस पहिला प्रश्न पडतो तो असा : हा माणूस लिहीत होता तेव्हा त्याच्या वाट्याचे काम कोण करीत होते?

आपल्या डोंगरकड्याच्याच हिंगोली जिल्ह्यात नरसी हे नामदेवांचे गाव. त्या नामदेवांच्या घरी गंगाखेडची जनाबाई दासी होती. ती दळावयास बसली की विठ्ठल तिच्यासंगे जाते ओढी, असे परंपरा सांगते. आम्हांस या कथेत लोकांचे शहाणपण दिसते. कवीच्या जात्याला दुसरा हात लागतो, हे त्यांना कळले होते. माणूस पुढे येईना, म्हणून त्यांनी देवाला बसविले.

१२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी झाली. ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. तो दुसरा हात माणसाचा होता.

अलीकडच्या काळात हे काम तुरुंगाने केले! टिळकांनी 'गीतारहस्य' १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. लेखकाला सवड मिळावी म्हणून सरकारने त्याला पकडावे लागते, ही समाजाला भूषणाची गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडपट्टीत राहूनच लिहीत होते ना? होय, १९५९ ची 'फकिरा' त्यांचीच. पण तो मोठेपणा अण्णाभाऊंचा, झोपडीचा नव्हे. आमच्या युनियनमधला एक कामगार रात्रपाळी करून वह्या भरीत असे. खोली बदलताना त्या रद्दीत गेल्या. अशांची हजेरी कोणत्या मस्टरवर लागते?

अमेरिकेत संगीतकार एडवर्ड मॅक्डॉवेल व त्यांची पत्नी मेरियन यांनी १९०७ साली न्यू हॅम्पशायरात कलावंतांसाठी वसाहत काढली. तेथे दुपारचे जेवण टोपलीतून खोलीच्या दाराशी ठेवण्याची रीत पडली, कामात खंड पडू नये म्हणून. ही चैन आहे काय? १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी सुरू झाली, तीही मालकांना सुखासुखी सुचली नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांना त्यासाठी झगडावे लागले. विश्रांती हा मजुराचा हक्क असेल, तर लिहिणाऱ्या मजुराला उसंत हाही त्याचा हक्कच आहे.

आपल्या गावाला वसाहत काढणे झेपणार नाही. परंतु एक खोली, एक टेबल, दोन महिन्यांची भाकरी एवढे देता येईल. ऊसतोडणीला जाणारा, यंत्रापाशी उभा राहणारा, घरोघरी धुणीभांडी करणारी, यांच्यात जो कोणी लिहीत असेल त्याला ती आधी द्यावी. काय लिहावे हे मात्र त्याला सांगू नये. आपण जात्याला हात लावावा. ओवी ज्याची त्याला म्हणू द्यावी.