रेषीय कार्यक्रमण

रेषीय कार्यक्रमण : मर्यादित साधनसामग्रीचे निरनिराळ्या कामांत असे वाटप करावयाचे की, ठरलेल्या अटी पाळून एकूण खर्च किमान किंवा एकूण उत्पादन कमाल व्हावे, अशा प्रकारचे प्रश्न सोडविण्याची गणितीय पद्धती. खर्च आणि अटी ही दोन्ही एकघाती पदावलींनी मांडली जातात, म्हणून तिला ‘रेषीय’ म्हणतात. ‘कार्यक्रमण’ हा शब्द येथे संगणकाला आज्ञा देण्याच्या अर्थी नसून कामाची आखणी या अर्थी योजिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उदयास आलेल्या संक्रियात्मक अन्वेषण, म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, या ज्ञानशाखेची ही एक प्रमुख पद्धती होय.

प्रश्नाचे स्वरूप : दोन गोदामांत धान्याची प्रत्येकी १०० पोती आहेत व ती दोन गावांना प्रत्येकी १०० या प्रमाणात पोहोचवावयाची आहेत, असे समजू. पहिल्या गोदामातून पहिल्या गावी एक पोते नेण्यास ४ रुपये व दुसऱ्या गावी ६ रुपये लागतात. दुसऱ्या गोदामातून हेच दर अनुक्रमे ५ व १० रुपये आहेत. सर्वांत स्वस्त म्हणून ४ रुपयांचा मार्ग आधी निवडला, तर दुसऱ्या गोदामाला १० रुपयांचा मार्ग पत्करावा लागतो व एकूण खर्च १,४०० रुपये होतो. याउलट ६ व ५ रुपयांचे मार्ग घेतले, तर तेच काम १,१०० रुपयांत होते. म्हणजे प्रत्येक भाग सुटा घेऊन केलेली काटकसर एकंदर काटकसर ठरेलच असे नाही.

दोन गोदामांच्या बाबतीत सर्व पर्याय तपासून पाहता येतात. संख्या वाढली की ते अशक्य होते. ७० माणसांना ७० कामे नेमून देण्याच्या रीती १ वर १०० शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येपेक्षाही अधिक आहेत. सर्व पर्याय न तपासता सर्वोत्तम पर्याय गाठणे, हेच या पद्धतीचे मर्म आहे.

सोव्हिएट संघातील उगम : १९३० मध्ये ए. एन. टॉल्स्टॉय यांनी रेल्वेने होणाऱ्या मालवाहतुकीचे अंतर किमान करण्याचा प्रश्न मांडला होता. तथापि सर्वसाधारण सिद्धांताचे श्रेय लेनिनग्राडचे गणितज्ञ लिओनिद कँटोरोव्हिच (१९१२–८६) यांच्याकडे जाते. १९३८ मध्ये प्लायवुड उद्योगाच्या एका प्रयोगशाळेने त्यांचा सल्ला मागितला. निरनिराळ्या जातींचे लाकूड निरनिराळ्या यंत्रांवर कमीअधिक वेगाने सोलले जाई. कोणते लाकूड कोणत्या यंत्रास दिले असता उत्पादन कमाल होईल, असा तो प्रश्न होता. शेतजमिनीची पिकांत विभागणी, पत्रे व लाकूड कापताना होणारी नासधूस टाळणे, वाहतुकीची आखणी इ. प्रश्नांचे गणितीय रूपही असेच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९३९ मध्ये लेनिनग्राड विद्यापीठाने त्यांची यासंबंधीची पुस्तिका प्रसिद्ध केली.

कँटोरोव्हिच यांच्या रीतीत प्रत्येक अटीशी एक गुणक जोडलेला असे. या गुणकांचा आर्थिक अर्थ महत्त्वाचा होता. एखाद्या यंत्राचा आणखी एक तास उपलब्ध झाला, तर एकूण उत्पादन किती वाढेल, हे त्यावरून कळे. म्हणजेच तो त्या यंत्रतासाचा भाव होता. बाजारपेठेवाचून, केवळ साधनाच्या दुर्मिळतेतून निघालेला हा भाव ‘छायामूल्य’ म्हणून ओळखला जातो. वस्तूचे मूल्य श्रमातून निर्माण होते, या तत्कालीन अधिकृत मार्क्सवादी अर्थशास्त्राच्या सिद्धांताशी ही कल्पना विसंगत दिसत होती. स्टालिनच्या राजवटीत अशी विसंगती केवळ वैचारिक मतभेदाचा विषय राहत नसे. साधनसामग्रीच्या इष्टतम वापरावरील ग्रंथ कँटोरोव्हिच यांनी १९४२ मध्ये लिहिला. तो प्रसिद्ध झाला १९५९ मध्ये. नियोजनाचा सर्वाधिक पुरस्कार करणाऱ्या देशात नियोजनाचे गणित अशा रीतीने दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

अमेरिकेतील विकास : याच सुमारास अमेरिकेत स्वतंत्रपणे हाच विचार आकार घेत होता. फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये अनेक कारखान्यांतून अनेक शहरांना माल पुरविण्याचा प्रश्न मांडला. मूळचे डच असलेले ट्यालिंग कोपमान्स (१९१०–८५) हे युद्धकाळात वॉशिंग्टन येथे दोस्त राष्ट्रांच्या जहाजवाहतूक मंडळात काम करीत होते. माल उतरवून रिकामी परतणारी जहाजे कोठे पाठवावीत, हा तेथील नित्याचा प्रश्न होता. एका मार्गावर माल वाढविल्यास इतर मार्गांवर त्याचा काय परिणाम होतो, याचा हिशेब करताना त्यांनाही छायामूल्याचीच कल्पना सुचली.

सर्वसाधारण उपयोगाची व यांत्रिकपणे राबविता येणारी रीत जॉर्ज डँटझिग (१९१४–२००५) यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलासाठी शोधून काढली. प्रशिक्षण, पुरवठा व तैनाती यांच्या लष्करी वेळापत्रकांना ‘प्रोग्रॅम’ म्हणत. त्यावरूनच या विषयाचे नाव आले. अटी पाळणारे सर्व पर्याय मिळून एक बहुपृष्ठक घन बनतो व सर्वोत्तम पर्याय त्याच्या एखाद्या शिरोबिंदूवर सापडतो. डँटझिग यांची ‘सिंप्लेक्स’ रीत एका शिरोबिंदूवरून कडेने शेजारच्या अधिक चांगल्या बिंदूकडे जाते आणि सुधारणा होणे थांबले की तेथेच थांबते. या रीतीच्या पहिल्या मोठ्या चाचणीसाठी ७७ अन्नपदार्थांमधून ९ पोषक घटक पुरविणारा स्वस्तात स्वस्त आहार काढण्याचा प्रश्न घेण्यात आला. हिशेबाच्या यंत्रांवर काम करणाऱ्या कारकुनांना त्यासाठी १२० मनुष्यदिवस लागले. जॉर्ज स्टिग्लर यांनी अंदाजाने काढलेला वार्षिक खर्च ३९·९३ डॉलर होता. खरे किमान उत्तर ३९·६९ डॉलर निघाले.

उपयोग व पुढील संशोधन : संगणकांच्या प्रसाराबरोबर तेलशुद्धीकरण, वाहतूक, विमानकंपन्या इ. क्षेत्रांत ही पद्धती रुजली. विमाने व कर्मचारी यांचे अपूर्णांक करता येत नसल्यामुळे पूर्णांकी कार्यक्रमणाची गरज भासली. त्यासाठी राल्फ गोमोरी यांनी १९५८ मध्ये रीत दिली. बांधकामासारख्या कामांत कोणत्या टप्प्याला विलंब झाल्यास सर्वच काम लांबते, हे दाखविणारी संकट मार्ग पद्धती १९५७ च्या सुमारास प्रचारात आली.

१९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक कँटोरोव्हिच व कोपमान्स यांना विभागून मिळाले. डँटझिग यांचा त्यात समावेश नव्हता, याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

काही कृत्रिम उदाहरणांत सिंप्लेक्स रीतीला सर्व शिरोबिंदू पालथे घालावे लागतात, असे १९७२ मध्ये दाखविण्यात आले. अशा उदाहरणांतही पायऱ्यांची संख्या आवाक्यात ठेवणारी रीत सोव्हिएट गणितज्ञ लिओनिद खाचियान यांनी १९७९ मध्ये मांडली. परंतु प्रत्यक्षात ती मंद ठरली. ग्वाल्हेर येथे जन्मलेले व मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना घनाच्या कडांऐवजी त्याच्या अंतर्भागातून जाणारी रीत शोधली. ती सिद्धांत व व्यवहार या दोन्ही कसोट्यांवर उतरली. तिच्यावर १९८८ मध्ये एकस्व देण्यात आले, तेव्हा गणिती रीतीची मालकी असू शकते काय, असा वाद निर्माण झाला. सध्याच्या संगणकप्रणालींत दोन्ही प्रकारच्या रीती वापरल्या जातात.

मर्यादा : या पद्धतीने मिळणारे उत्तर मांडलेल्या प्रश्नाचे असते, जे मांडले गेले नाही, त्याची किंमत ती शून्य धरते. स्टिग्लर यांचा स्वस्त आहार गव्हाचे पीठ, आटीव दूध, कोबी, पालक व वाळविलेला घेवडा एवढ्या पाच पदार्थांचा होता. तो कोणी वर्षभर खावा, असे खुद्द त्यांचेही म्हणणे नव्हते. रुची ही अट प्रश्नात नव्हती, म्हणून ती उत्तरातही आली नाही. कामगारांच्या पाळ्या आखताना विश्रांतीची अट लिहिली नाही, तर किमान खर्चाचे वेळापत्रक विश्रांतीला जागा ठेवीलच असे नाही. अटींमुळे खर्च किती वाढतो, हे छायामूल्यावरून कळते; तो सोसावा की नाही, हे मात्र गणिताच्या बाहेर राहून माणसांनाच ठरवावे लागते. बाजारपेठेवर विसंबणारी व केंद्रीय नियोजन करणारी अशा दोन परस्परविरोधी व्यवस्थांत एकच गणित जन्मास आले, याचा अर्थही हाच की, ते कोणत्याही एका व्यवस्थेचे समर्थन करीत नाही. निवडीचा खरा खर्च ते उघड करते.