टाकीतला पावसाळा

शिडाची होडी पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढली, शीड-दोर घरात नेले, वरून झावळ्यांनी शाकारली की कोळ्याचं काम संपे. वारा काही साठवून ठेवायचा नव्हता. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५१–५६) सरकारी मदतीने होड्यांत इंजिनं बसू लागली आणि कोळीवाड्यात एक नवा जिन्नस पावसाळा काढू लागला: उरलेलं डिझेल.

अर्धी टाकी दमट हवा आत ओढते. थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं; ते जड, म्हणून तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी धरते. तिचा काळपट, बुळबुळीत गाळ बंदरात गप्प पडून असतो. बाहेर लाटांनी टाकी हिंदकळली की तो उठतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तीही यांत्रिक नौकांनाच. ऑगस्टचा समुद्र अजून खवळलेला. जाणता तांडेल आधी तळाची तोटी सोडतो, बाटलीत डिझेल धरून निवळू देतो, पाणी दिसेनासं होईपर्यंत. मग नवा फिल्टर. खरं तर मे अखेरीस टाकी काठोकाठ भरून ठेवली तर हवेला जागाच उरत नाही. पण दोन महिने कमाई नसणाऱ्या घराने तेव्हा टाकीत पैसे ओतायचे कुठून?