दगडफूल, वाळा, कापूरकाचरी : पोटलीचा मसाला आणि आपलं उटणं

हैदराबादेत जन्म गेला तरी आमच्यासारख्या देशस्थ घरांत निहारी कधी शिजली नाही. 'पोटली का मसाला' हे शब्द रोज कानावर पडायचे, पण त्या पोटलीत असतं काय हे पाहण्याचा प्रसंग आमच्या स्वयंपाकघरावर आला नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे गल्लीत जो वास पसरायचा, त्याला आई 'त्यांच्याकडचा वास' म्हणायची. वाईट वास असं ती कधीही म्हणाली नाही. त्यांच्याकडचा, एवढंच. आज त्या वासाबद्दल लिहायचं आहे, आणि माझं म्हणणं साधं आहे. त्या वासातला निम्म्याहून अधिक माल आमच्याही घरात होता. फक्त तो दुसऱ्या डब्यात होता आणि वर्षातून एकदाच बाहेर निघायचा.

ज्यांनी पोटली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. निहारी म्हणजे नळीचं मांस मंद आचेवर रात्रभर शिजवून सकाळी खायचा पदार्थ. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस, त्यावरून हे नाव. त्या उकळत्या रश्शात मलमलीच्या फडक्यात बांधलेली मसाल्याची पुरचुंडी सोडतात आणि शेवटी पिळून काढून टाकतात. पाया, यखनी, मरग यांतही ती जाते. पुरचुंडीत धने, बडीशेप, वेलदोडे, दालचिनी, तमालपत्र ही आपल्या ओळखीची मंडळी असतातच. पण पोटलीला पोटलीपण येतं ते दुसऱ्या जिनसांनी : पत्थर का फूल, खस की जड, पान की जड, कपूर कचरी, संदल आणि सुक्या गुलाबाच्या पाकळ्या. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

आता हीच यादी मराठीत वाचून पाहा : दगडफूल, वाळा, कुळिंजन, कापूरकाचरी, चंदन, गुलाबपाकळी. यातलं दगडफूल काढा, कुळिंजन काढा, त्यांच्या जागी नागरमोथा, आंबेहळद, गव्हला-कचोरा घाला. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावायचं उटणं तयार झालं!

हे माझ्या ध्यानात आलं बेगम बाजारात. दिवाळीआधी उटण्याचं सामान आणायला गेले होते. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी निहारीची पोटली मागितली. दुकानदाराने आम्हा दोघांसाठी एकाच पोत्यात हात घातला. वाळ्याची एक जुडी त्यांच्या पुडीत, एक माझ्या. कापूरकाचरीच्या चकत्या दोघांना. चंदनाचा चुरा मात्र त्यांना वेगळ्या डब्यातला दिला, मला वेगळ्या. त्याचं कारण पुढे येईल.

आमच्या मंडळात या विषयावर बोलले तेव्हा दोन मतं लगेच पुढे आली. एक, पोटली इराणातून किंवा मोगलांबरोबर आली. दुसरं, उटणं मात्र शुद्ध आपलं, पुरातन. मला दोन्ही पटत नाहीत. निहारी कुठून आली हा प्रश्न वेगळा आहे. मी बोलते आहे ती पोटलीतल्या जिनसांबद्दल, आणि त्यांची कागदोपत्री साक्ष फार मागे जाते.

सहाव्या शतकातला वराहमिहिर हा अवंतीचा, म्हणजे आपल्या इंदूर-उज्जैनच्या वाचकांच्या घरचाच माणूस. त्याच्या 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ति' नावाचा अध्याय आहे, सुगंध तयार करण्याच्या कृतींचा. त्यात सोळा द्रव्यांचा एक चौकोन दिला आहे, चार ओळी आणि चार उभे रकाने. प्रत्येक द्रव्यापुढे त्याचे भाग सांगितले आहेत : अगरू 2, पत्र म्हणजे तमालपत्र 3, तुरुष्क 5, शैलेय 8. खालच्या ओळीत मुस्ता म्हणजे नागरमोथा 8, त्याखाली त्वक् म्हणजे दालचिनी 1, मांसी म्हणजे जटामांसी 6, आणि शेवटच्या ओळीत मलय म्हणजे चंदन 7. गंमत अशी की कुठलीही आडवी ओळ घ्या, उभा रकाना घ्या किंवा कर्ण घ्या, चार द्रव्यांची बेरीज 18 भागच येते. गणिताचे अभ्यासक या चौकोनाकडे जादूचा चौरस म्हणून पाहतात. मी पाहते ती त्यातल्या शैलेयाकडे. शैलेय म्हणजे खडकावर उगवणारं, आपलं दगडफूल. सोळा द्रव्यांत सर्वांत जास्त भाग त्याला आणि नागरमोथ्याला. तमालपत्र, दालचिनी, दगडफूल, चंदन, नागरमोथा असे सगळे एका चौकोनात बसलेत. स्वयंपाकाचा मसाला वेगळा आणि अंगाचा सुगंध वेगळा अशी वाटणी या यादीत दिसत नाही.

यादी अर्थात अत्तराची आहे, आमटीची नाही. जेवणाकडे यायचं तर आपल्याच भागात या. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, आणि 1956 पर्यंत आमच्याच हैदराबाद राज्यातलं. या ग्रंथात राजाच्या उपभोगांचा क्रम लावला आहे : स्नान, विलेपन, अन्न, पाणी, अशी प्रकरणांमागून प्रकरणं. अन्नाच्या प्रकरणात मांसाचे पदार्थही भरपूर आहेत, हे आमच्यातल्या काहींना वाचताना जड जातं. पिण्याचं पाणी फुलांनी आणि सुगंधी द्रव्यांनी कसं वासवायचं तेही त्यात सांगितलं आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादित केला, पहिला भाग 1925 साली. बडोद्याच्या मंडळींनी हे श्रेय जरूर मिरवावं.

आणखी एक बडोद्याचीच गोष्ट. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी सुगंधशास्त्रावरच्या एका हस्तलिखिताचा शोध लावला : गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद'. या 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे. पुढे 1989 मध्ये हे दोन्ही ग्रंथ त्याच गायकवाड मालेत छापले गेले. सुगंधाची कृती मराठीतून समजावून घ्यावी अशी गरज कुणाला तरी पडली होती, हे मला त्या टीकेतल्या मजकुराइतकंच मोलाचं वाटतं.

मांडूचा 'निअमतनामा' इथे आठवल्याशिवाय राहत नाही. माळव्याचा सुलतान घियासशाह आणि त्याचा मुलगा नासिरशाह यांच्या काळातलं, साधारण 1500 च्या आगेमागे तयार झालेलं हे फारसी हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोसे आहेत, रस्से आहेत, आणि त्याच पोथीत अत्तरं, उटणी, औषधंही आहेत. कापूर, कस्तुरी, गुलाबपाणी कढईत पडतं आणि अंगालाही लागतं. वराहमिहिराची अवंती आणि घियासशाहचं मांडू एकाच माळव्यात, मधे नऊशेहून अधिक वर्षं, भाषा वेगळ्या, धर्म वेगळे. पण सुवासिक वस्तू घरात आली की ती नाकासाठी की जिभेसाठी हे आधीच ठरवून टाकायचं नाही, ही सवय दोन्हीकडे सारखी.

दगडफुलाबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण आमच्या घरांत पोटलीतली ही एकच खास वस्तू रोजच्या जेवणात आली. ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र राहून बनलेला तो दगडावरचा, झाडाच्या सालीवरचा पापुद्रा. कच्चं हुंगलं तर जवळजवळ वास नाही, मातकट फार तर. गरम तेला-तुपात पडलं की मात्र ओल्या लाकडासारखा, धुरकट वास सुटतो. मराठवाड्याच्या काळ्या मसाल्याचं जे गांभीर्य आहे त्यात त्याचा वाटा मोठा. आणि त्याची नावं बघा. उर्दूत पत्थर का फूल, मराठीत दगडफूल, तेलुगूत रातिपुव्वु, कन्नडमध्ये कल्लुहूवु. निजामाच्या नोटेवर याच चार भाषांत रक्कम छापलेली असायची. चौघींनी एकाच शब्दाचं भाषांतर केल्यासारखं वाटतं, आणि संस्कृतातलं 'शैलेय'ही त्याच अर्थाचं. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान गेलं, 1 नोव्हेंबर 1956 ला राज्याचे तीन तुकडे झाले. मसाल्याच्या डब्यातल्या या कप्प्याला त्याने काही फरक पडला नाही.

पान की जड हा याच्या उलट प्रकार. नाव सांगतं विड्याच्या पानाच्या वेलीचं मूळ, पण बाजारात त्या नावाने हातात पडतं ते आल्याच्या कुळातलं कुळिंजन. गाणारे लोक गळ्यासाठी चघळतात तेच. अरबीत ते 'खुलंजान', आणि त्याचं मूळ चिनी 'गाओलियांग जियांग', गाओलियांग प्रांताचं आलं. इंग्रजीतलं गॅलँगल याच रस्त्याने पुढे गेलं. तेव्हा पोटलीत परदेशी कोण हे शोधायचंच असेल तर पूर्वेकडेही बघायला लागेल.

एवढं वाचल्यावर शिजवून बघणं ओघाने आलंच. घरात मांस शिजत नाही, म्हणून मी कटाची आमटी निवडली. पुरणाची हरभराडाळ शिजवून काढलेला दाट कट हा आपल्याकडचा यखनीच्या सर्वांत जवळचा पदार्थ, असं माझं मत आहे. दीड लिटर कटाला वाळ्याची बोटभर जुडी, कापूरकाचरीच्या दोन चकत्या, नखाएवढं कुळिंजन, चमचाभर गुलाबपाकळ्या आणि चंदनाची अगदी चिमूट, असं फडक्यात बांधलं. दगडफूल आधी नीट निवडून घ्यावं, त्यात सालीचे तुकडे आणि खडे फार. ते धुऊन, वाळवून, चमचाभर तुपात परतून मग पोटलीत घातलं. मांसाच्या रश्शात चरबी असते, तिच्यात हे वास उतरतात. डाळीच्या पाण्यात ते काम तुपाला करावं लागतं. मंद आचेवर पाऊण तास. पोटली पिळून काढल्यावरच चिंच-गूळ आणि नेहमीची फोडणी.

चव सांगायची तर वाळा सर्वांत आधी कळतो, पहिल्या पावसासारखा, आणि तो कटाला फार शोभतो. कापूरकाचरी नाकात वर चढते. कुळिंजनाचा तिखटपणा घशाशी शेवटी उरतो. चंदन चिमटीच्या पुढे गेलं तर देवघरात बसून जेवल्यासारखं वाटेल. पोटली बांधायची का, तेही शिजवताना समजतं. वाळा आणि चंदन कुटून घातले तर तंतू दाताखाली येतात आणि कडवटपणा सुटतो. काळा मसाला आपण तेलात भाजून कुटतो, कारण त्यातलं सगळं पोटात जायचं असतं. इथे वास तेवढा घ्यायचा आणि काड्या परत करायच्या. ही रीत आपल्याला नवी नाही. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडतो तेव्हा आपण दुसरं काय करतो?

आता चंदनाच्या दोन डब्यांचं. पूजेसाठी आणि उटण्यासाठी मिळणाऱ्या चुऱ्यात रंग किंवा दुसऱ्या लाकडाचा भुसा असू शकतो, म्हणून खाण्याचं चंदन वेगळं मागून घ्यावं, नाही मिळालं तर वगळावं. तसंच वाळ्याच्या पडद्याची किंवा कूलरची मुळं स्वयंपाकात वापरू नयेत. तयार उटण्याचं पाकीट तर चुकूनही नको, त्यात मुलतानी माती आणि बावची असते. पोटलीचीही आता दळलेली पाकिटं मिळतात. त्यांत काय आहे हे डोळ्यांना ओळखता येत नाही, आणि या सहा जिनसा हातात घेऊन ओळखणारी माणसं दोन्ही बाजूंच्या घरांत कमी होत चालली आहेत.

म्हणून बिदर, बसवकल्याण, गुलबर्गा, नांदेड, परभणी आणि हैदराबादच्या वाचकांना विनंती आहे. घरातल्या जुन्या वह्यांत उटण्याची किंवा काळ्या मसाल्याची यादी असेल तर तिचा फोटो मंडळाकडे पाठवावा. तोळा-मासा, शेर-पावशेर जसं लिहिलं असेल तसंच ठेवावं, ग्रॅममध्ये बदलू नये. जिनसांची नावंही आजीने लिहिली तशीच राहू द्यावीत, शुद्धलेखन सुधारू नये. आणि ते सामान कुठल्या बाजारातून यायचं हे घरात कुणाला आठवत असेल, तर तेही यादीखाली लिहावं.