कर्णा, बेंजो आणि डॉल्बी

आमच्या गावात मोठा आवाज आला तो सायकलीवरनं. साल १९६९. थोरले चुलते, ज्यांना घरादारात सगळे आण्णा म्हणायचे, मुंबईची गिरणी कायमची सोडून गावाकडं परत आले. सायकलीच्या कॅरेजवर गोधडीत गुंडाळलेला ॲम्प्लिफायर आणि हँडलला पितळी घंटेसारखे लोंबणारे दोन कर्णे. लॅमिंग्टन रोडवर जुना माल मिळतो, तिथनं त्यांनी तो गिरणीच्या पैशात घेतला होता. आजीनं कपाळावर हात मारला. "सोनं न्हाई, जमीन न्हाई, आनि ह्यो भोंगा आनलास व्हय रं?"

येरळेच्या काठचं आमचं गाव. वीज नुकतीच आलेली, तीही चावडी आणि देवळापर्यंत. बाकीच्या ठिकाणी आण्णा ट्रकची १२ व्होल्टची बॅटरी लावायचे. ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा होता. चालू केला की लगेच बोलायचा नाही, आधी आतले दिवे लाल व्हायचे, पेटी गरम व्हायची, मग कर्ण्यातनं 'हूं' असा हुंकार यायचा. आम्ही पोरं त्या हुंकाराचीच वाट बघत बसायचो. पुढं तबकडीवर सुई टेकली की देवळापासनं मळ्यापर्यंत गाणं.

एवढ्याशा यंत्रातनं गाणं मैलभर कसं जातं, याचं नवल मला पुढं शाळामास्तर झाल्यावर उलगडलं. कर्ण्याच्या बुडाशी जे युनिट असतं, त्यात रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा पातळ पडदा थरथरत असतो. उघड्यावर ठेवला तर त्याचा आवाज खोलीबाहेरही जाणार नाही. कर्णा त्या पडद्याची आणि बाहेरच्या हवेची नीट गाठ घालून देतो आणि सगळा आवाज एका दिशेला फेकतो. म्हणून २०-३० वॅटमध्ये गाव जागं व्हायचं. मात्र खालचे सूर त्यातनं येत नाहीत. ढोलकीची चाट ऐकू येते, घुमारा हरवतो. ज्या घुमाऱ्यासाठी पुढं आमच्या घरानं कर्ज काढलं, तो कर्ण्यात नव्हताच.

आण्णांचा एक नेम होता. लग्नघरी गेलं की झाडावर चढायच्या आधी ते विचारायचे, "आळीत कोण आजारी हाय का? कोण बाळंतीन हाय का?" असेल तर कर्ण्याचं तोंड त्या दाराकडं करायचं नाही, मग वरमाय रुसली तरी चालेल. मंगलाष्टका झाल्या की आहेर पुकारायचा. "भाच्याला मामाकडनं ५१ रुपये आनि एक पातेलं!" आहेर कर्ण्यावर पुकारला गेला नाही म्हणून उठून गेलेले पाहुणे मी बघितलेत.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नंच थांबली. तेव्हा कर्णा चावडीवर बांधला. उद्या खडी फोडायचं काम कुठल्या रस्त्यावर आहे, पगार कधी वाटणार, सुकडी कुठं मिळणार, हे आण्णा संध्याकाळी सांगायचे. वायर धरायला मी. ते सांगायला लागले की चूल फुंकणाऱ्या बायासुद्धा थांबायच्या. मोठ्या आवाजाचा धाक तेव्हा नव्हता, आधार होता.

ऐंशीनंतर कॅसेट आली आणि तबकड्या माळ्यावर गेल्या. नव्वदच्या सुमाराला बेंजो पार्टी आली. हातगाड्यावर बॅटऱ्या, पुढं दोन कर्णे, एकजण बेंजोवर, एकजण कीबोर्डवर आणि एकजण ऑक्टोपॅडवर. रोलंड या जपानी कंपनीनं हे आठ चौकटींचं यंत्र १९८५ मध्ये काढलं. रबराच्या चौकटीवर काठी मारायची आणि आतनं ढोल, ताशा, घुंगरू, वाटेल तो आवाज काढायचा. हलगीवाल्यांनी पहिल्या दिवशी ते बघितलं आणि एक म्हातारा हलगीवाला म्हणाला, "ह्याला शेकावं लागत न्हाई, म्हंजी आमचं संपलं." पावसाळ्यात हलगीचं कातडं मऊ पडतं, जाळावर शेकून ताणावं लागतं. रबराला पाऊस नाही. तो चुकीचं बोलला नव्हता.

मग डॉल्बी. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात डीजेच्या भिंतीला लोक डॉल्बीच म्हणतात. हा शब्द तालुक्याच्या थेटराच्या पाटीवरनं आमच्याकडं उतरला. ज्यांचं हे नाव, त्या रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये आपली कंपनी काढली, ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज घालवणं हा त्या माणसाचा धंदा. त्याचं नाव आमच्याकडं कशाला पडलं, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता कुणास ठाऊक!

आण्णांचा धाकटा, आमचा बापू, आयटीआयमधून वायरमन झालेला. २००७ च्या उन्हाळ्यात त्यानं पतसंस्थेतनं कर्ज काढलं. जामीन मी. तयार पेट्या परवडत नव्हत्या, म्हणून वाड्याच्या सोप्यात त्या बनवायच्या ठरल्या. बापूनं मला बोलावलं. "दादा, तुमी सायन्सवालं. हिशोब तुमी करा, करवत मी चालवतो."

हिशोब असा होता. नाचाच्या गाण्यात मिनिटाला १२० ते १३० ठोके आणि प्रत्येक ठोक्याला बुडातनं एक 'धम'. हा धम ५० हर्ट्झच्या आसपास. हवेतली त्याची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब, म्हणजे २२ फूट. आमची गल्ली १२ फुटांची. एवढी लाट हलवायची तर खूप हवा ढकलावी लागते, आणि माणसाचा कान खालच्या सुरांना मुळातच बधिर. म्हणून १८ इंची स्पीकर, एका पेटीत दोन, अशा चार पेट्या.

प्लायवूड १८ मिलीमीटरचं. पातळ घेतलं तर स्पीकरच्या आधी पेटीच थरथरते. आतनं आडव्या पट्ट्या, सांध्याला गोंद, चार बोटांवर स्क्रू. एवढं करूनही सांध्यातनं हवा फुसफुसायची. बापूनं काकीच्या देवघरातनं उदबत्ती आणली, गाणं लावलं आणि सांध्यावरनं उदबत्ती फिरवली. जिथं धूर थरथरला तिथं खडूची खूण. काकी म्हणाली, "देवाला येक न्हाई, खोक्याला ववाळतोय."

पहिल्या चाचणीला दोन पेट्या लावल्या, भांडी वाजली. चार लावल्या तर आवाज वाढायच्या जागी बसला. बापूचा चेहरा पडला. तीन लाखांचं कर्ज आणि चार पेट्या दोनपेक्षा मुक्या! माझ्याही पोटात गोळा आला, कारण सही माझी होती. रात्रभर विचार केला आणि सकाळी बॅटरीतला दीड व्होल्टचा सेल काढला. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या अधिक तारेला लावली की पडदा पुढं सरकला पाहिजे. दोन पेट्यांत तो मागं जात होता. तारा उलट जोडल्या होत्या. दोन पेट्या हवा ढकलत होत्या, दोन ओढून घेत होत्या. तारा बदलल्या आणि सोप्याच्या तुळईवरनं शंभर वर्षांची माती आमच्या डोक्यावर पडली. बापू माती झाडायच्या आधी मला मिठी मारून मोकळा झाला.

बाकीची जुळणी मग सरळ होती. क्रॉसओव्हर नावाची पेटी गाण्याची वाटणी करते. १०० हर्ट्झखालचं बेसला, त्याच्यावरचं टॉपला. प्रत्येकाला वेगळा ॲम्प्लिफायर. एका ॲम्प्लिफायरवर किती स्पीकर टांगायचे यालाही मर्यादा. आठ ओहमचे दोन समांतर जोडले की चार होतात, अजून दोन जोडले की दोन, आणि यंत्र तापून धूर सोडतं. लाल दिवा लागला की ॲम्प्लिफायरचा श्वास संपला समजायचं. तसाच ताणला तर आधी बारीक आवाजाची युनिटं जळतात. जनरेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, भिंत टेंपोवर. गाणी लॅपटॉपवर, मूळ हलगी खाली संगणकाचा धम घालून नवी केलेली. जो म्हातारा संपलो म्हणाला होता, त्याच्याच जातकुळीची हलगी आता १८ इंचातनं वाजत होती, फक्त वाजवणारा गाडीवर नव्हता.

पुढं वाचनात आलं की हे काही आमच्याच गावाचं खूळ नाही. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९५० च्या दशकातच लोक ट्रकवर जनरेटर, तबकडीयंत्र आणि भल्यामोठ्या पेट्या घालून गल्लीत नाच भरवत. ज्यांना बँडबाजा परवडत नाही, त्यांनीच जगभर ही भिंत उभी केली. आमच्याकडंही वस्तीवरच्या पोरांना घोडा आणि ब्रासबँड कधी मिळाला नव्हता. बापूच्या टेंपोमागं ती पहिल्यांदा भर पेठेतनं नाचत गेली. ही गोष्ट मी विसरत नाही, आणि डॉल्बीला नुसत्या शिव्या देणाऱ्यांनीही विसरू नये.

पण चढाओढ वाईट. शेजारच्या गावानं आठ पेट्या केल्या, बापूला बारा हव्या झाल्या. मी त्याला फळ्यावर मांडून दाखवलं. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर ताकद दहापट लागते. पैसे दहापट आणि कौतुक दुप्पट! बापू म्हणाला, "दादा, गिऱ्हाईक डेसिबल मोजत न्हाई, खोकी मोजतंय."

सरकार मात्र डेसिबल मोजत होतं. २००० सालच्या नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. उघड्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. गल्लीत दोन्हीकडं भिंती, आवाज जाणार कुठं? तो घरातच शिरतो. दोनदा टेंपो पोलीस ठाण्यात गेला. सोडवायला मीच.

आण्णा तोवर वयानं ठार बहिरे झाले होते. २०१३ च्या जत्रेत टेंपो आमच्या दारात आला, तसे ते काठी टेकत उतरले आणि पेटीवर तळहात ठेवून उभे राहिले. चेहरा उजळला. "बापू, वाजतंय रं! छातीत ऐकू येतंय!" सगळ्या गावात त्या भिंतीचा निखळ आनंद झाला तो एका बहिऱ्याला. आम्ही हसलो. त्याच रात्री बापू मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, गाडी बंद केली तरी कानात रातकिडं वरडत्यात. चार महिनं झालं."

मिरजेला नेलं. कानाचा आलेख काढला. ४००० हर्ट्झपाशी रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा खड्डा तिथंच पडतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला पंधरा मिनिटं. बापू त्याच्याही वरच्या आवाजात सहा-सहा तास उभा असायचा. डॉक्टरांनी विचारलं, "कानात काही घालत होता का?" बापूनं माझ्याकडं बघितलं. मी वर्षानुवर्षं आठवीला ध्वनीचा धडा शिकवला, पेट्यांचा हिशोब केला, ओहम मोजले, गोंद मोजला. दहा रुपयांचे कानातले बोळे माझ्या हिशोबात नव्हते.

गेलेलं परत येत नाही. बापूनं दोन पेट्या विकल्या, दोन ठेवल्या. हप्ते संपायला आणखी पाच वर्षं लागली. आण्णा २०१६ ला गेले. त्यांचा एक कर्णा शाळेच्या लिंबावर आहे, पंधरा ऑगस्टला बोलतो.

बापू अजून सुपाऱ्या घेतो, पण कानात बोळे घालून आणि दहाच्या आत. बयाना घ्यायच्या आधी वरातीची वाट चालून बघतो आणि दारोदार विचारतो, "कोण आजारी हाय का? कोण बाळंतीन हाय का?" उत्तर ऐकायला उजवा कान पुढं करतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळं शेजारच्या गावाला जातात. जाऊ देत, म्हणतो.