वर्षासनाची दाद

देवळातील नंदादीपाचे तेल कोणाच्या पैशाने येते, हे उत्सवाच्या गर्दीत कोणी विचारीत नाही. ज्या वर्षी तो पैसा थांबतो त्या वर्षी मात्र पुजारी, गुरव, पुराणिक आणि वहिवाटदार या सर्वांस एकदमच तो प्रश्न पडतो. मग पेटीतील जुने कागद बाहेर निघतात, मोडी वाचणारा शोधला जातो, आणि शेवटी कोणीतरी सुचवितो की वकिलाकडे जावे. दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबई इलाख्यात हा सल्ला पुष्कळदा व्यर्थ ठरे. वकिलाची फी जड होती हे कारण दुय्यमच. वकिलाने जेथे उभे राहावयाचे, ते न्यायालयच अशा तंट्यास बंद होते. आमच्या व्यवसायातील मंडळींसही ही हकीकत फारशी ठाऊक नसते, म्हणून ती थोड्या विस्ताराने सांगतो. गोमंतकातील महाजनांची वाट पोर्तुगीज अमलाखाली निराळी होती. तिचा विचार येथे केलेला नाही.

मराठेशाहीत वतन, इनाम किंवा वर्षासन यांचा तंटा गोतसभेपुढे वा सरकारी मजालशीत चाले. वादी-प्रतिवादी स्वतः उभे राहत. होणारा निर्णय मान्य करू असा राजीनामा लिहून देऊन जामीन द्यावा लागे. मग दोघांच्या तकरिरी लिहून घेत, साक्षी होत, महजर होई, आणि हरलेला पक्ष येजितपत्र लिहून देई. दुसऱ्याचे भांडण धंदा म्हणून भांडणारा वर्ग या व्यवस्थेत नव्हता. म्हणून ते सत्ययुग होते असे मात्र कोणी समजू नये. जिंकणाऱ्यास हरकी आणि हरणाऱ्यास गुन्हेगारी भरावी लागे. पंच जमविता जमविता दिवस जात. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे हे दोष दाखविले, आणि तरीही तीच चालू ठेवावी असे सुचविले. गावच्या देवळाचा नंदादीप कोण लावीत आला, हे सांगावयास तेथे गावचीच माणसे बसलेली असत, एवढे तरी त्या पद्धतीच्या पदरात टाकलेच पाहिजे.

१८१८ च्या फेब्रुवारीत साताऱ्याहून निघालेल्या जाहीरनाम्यात वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांचे व धर्मादायाचे खर्च चालविण्याचे अभिवचन इंग्रजांनी दिले होते. वचन देणे सोपे होते. वचनाचा लाभ कोणास, हे ठरविणे कठीण. १८४३ पासून धारवाड-बेळगावकडे इनामांची चौकशी सुरू झाली, आणि १८५२ च्या ११ व्या अॅक्टाने इनाम कमिशनास कायद्याचे कवच मिळाले. कमिशनच्या निर्णयावर अपील करावयाचे ते सरकारकडेच. दिवाणी न्यायालयाने त्यात लक्ष घालावयाचे नाही. म्हणजे जमिनीवर हक्क सांगणारे सरकार, निवाडा करणारे सरकार, आणि पेशवे दप्तर तेही सरकारच्याच ताब्यात! ज्याची सनद वाळवीने खाल्ली, त्याचा पुरावा प्रतिपक्षाच्या कपाटात. खोट्या सनदा त्या काळी मुळीच नव्हत्या असे आम्ही म्हणत नाही, आणि ज्या देवस्थानांच्या कायमपणाविषयी शंका नव्हती त्यांच्या जमिनी कायम ठेवाव्यात असा नियम त्याच कायद्यात होता, हेही नमूद केले पाहिजे. परंतु नियम कितीही बरा असला तरी तो आपणास लागू पडतो हे दाखविण्याचे ओझे पुजाऱ्यावरच होते.

नक्त नेमणुकांवर पुढे १८७१ चा पेन्शन अॅक्ट आला. इंग्रज सरकारने किंवा पूर्वीच्या सरकारने दिलेल्या पेन्शनीविषयी अथवा रोख रकमेच्या वा जमीनमहसुलाच्या देणगीविषयी कोणताही दावा दिवाणी न्यायालयाने ऐकू नये, असे त्याचे ४ थे कलम सांगते. तक्रार कलेक्टराकडे करावी, असे ५ वे. कलेक्टराने दाखला दिला तर न्यायालयास दावा चालविता येई. पण सरकारच्या देण्यास बाधा येईल असा हुकूम मात्र देता येत नसे, असे ६ वे. वर्षासन बारा रुपयांचे असो की बाराशेचे, वाट एकच. अर्जदाराचे सारे भवितव्य त्यामुळे त्याच्या अर्जावर येऊन ठेपले.

अशा जुन्या अर्जांच्या ज्या नकला आमच्या पाहण्यात आल्या, त्यांत दोन जाती स्पष्ट दिसतात. एकीत मायबाप सरकार, उपासमार आणि देवाचा कोप यांनी ताव भरलेला असतो. दुसरीत देणगी कोणी दिली, कोणत्या साली दिली, कोणाच्या हातून कोणाकडे आली, रक्कम कोणत्या सालापर्यंत कोणत्या कचेरीतून मिळाली आणि केव्हा बंद झाली, एवढेच असते. सोबत नकलांची याद. पहिल्या जातीस "विचार होणार नाही" असे उत्तर देणे कारकुनास सोपे होते. दुसरीस उत्तर देण्यापूर्वी त्याला दप्तर उघडून पाहणे भाग पडे. आमच्या धंद्याच्या दृष्टीने हे बोलणे सोयीचे नाही, पण चांगला वकील तरी याहून निराळे काय लिहिता?

एकट्या अर्जदाराच्या मागे समाज उभा राहावा, ही कल्पना याच सुमारास पुण्यात रुजली, आणि तिचे निमित्त एक देवस्थानच होते. नानासाहेब पेशव्यांनी उभारलेल्या पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. तक्रार करणाऱ्यास सरकारदरबारी पहिला प्रश्न ठरलेला : तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने त्याचे उत्तर कायद्याच्या भाषेतच दिले. किमान ५० माणसांनी मुखत्यारपत्र दिल्याशिवाय कोणास सभासद होता येणार नाही, असा तिचा नियम होता. आरंभीचे ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन आले. मुखत्यारपत्र हा शेतीच्या व घराच्या व्यवहारातील साधा कागद; त्याचा असा सार्वजनिक उपयोग सुचणे हे गणेश वासुदेव जोशी यांच्यासारख्या वकिलासच शोभले. लोक त्यांस सार्वजनिक काका म्हणत, ते उगाच नव्हे.

याच काकांनी पुढे लवाद कोर्टाचा पुरस्कार केला. स्टँप आणि वकील यांच्या खर्चावाचून तंटे आपसांत मिटावेत, हा हेतु. आता वर्षासनाच्या तंट्यास लवादाचा काय उपयोग, असे वाचक विचारतील. सरकारने बंद केलेली रक्कम लवाद देववू शकत नव्हता, हे उघड आहे. परंतु ज्यांनी देवस्थानांची दप्तरे चाळली आहेत, त्यांस ठाऊक असेल की सरकारशी झालेल्या भांडणांपेक्षा भाऊबंदांतील भांडणे कितीतरी अधिक : पूजेची पाळी कोणाची, मयताचा हिस्सा विधवेस की पुतण्यास, रक्कम कोणाच्या सहीने उचलावयाची. दोन भाऊ दोन अर्ज घेऊन कचेरीत गेले, की तंटा मिटेपर्यंत रक्कम खजिन्यात अडकून पडण्यास निमित्त मिळे. तेच दोघे घरी मिटवून एक अर्ज दोघांच्या सहीने घेऊन गेले तर ते निमित्तच उरत नसे.

पेन्शन अॅक्ट स्वातंत्र्यानंतरही कायद्याच्या पुस्तकात राहिला. न्यायालयाच्या दारात मात्र पुष्कळ बदल झाला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने स्त्रियांस उत्पन्नाची अट न घालता विनाशुल्क कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी जिल्हा वा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले कोर्ट-शुल्क परत मिळते, आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. देवस्थानातील एखाद्या विधवेची पाळी अडली असेल तर तिच्या अर्जासोबत नकलांची याद जोडावयास विसरू नये. मूळ कागद हातचे सोडू नयेत.