ताबा नसलेल्या पालकाचे मूल दगावले तर : कायदा काय सांगतो?

पती-पत्नी वेगळे झाल्यावर मूल एकाकडे राहते. ते दगावले की दुसऱ्या पालकाला ऐकावे लागते, 'तुझा आता काय संबंध?' उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत काम करताना आम्ही हे नातेवाईकांच्या आणि कधी कार्यकर्त्यांच्याही तोंडून ऐकतो. ताबा म्हणजे मूल कोणाजवळ राहील एवढाच निर्णय. त्याने आई-वडिलांचे नाते तुटत नाही आणि मृत्यूनंतरचे हक्कही संपत नाहीत. मुदती मात्र थांबत नाहीत.

दाखला व अंत्यविधी
मृत्यूचा दाखला १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार कोणीही मागू शकतो. मृत्यू ज्या हद्दीत झाला, तिथल्या महापालिकेत किंवा नगरपरिषदेत अर्ज करावा. नाते सिद्ध करायला मुलाचा जन्मदाखला जपावा. अंत्यविधीचा हक्क फक्त ताबा असलेल्या पालकाचा, असे सांगणारा कायदा नाही.

मृत्यूबद्दल संशय असेल तर
गुन्ह्याची माहिती कोणीही देऊ शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, पोलिसांनी ती नोंदवायची असते. नकार मिळाल्यास पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार पाठवावी, तरीही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणात तक्रार नोंदवायला झालेल्या विलंबावरून लोक रस्त्यावर उतरले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. म्हणून पोलीस ठाण्यात पालकाला एकटे पाठवू नये.

लोकल किंवा रस्त्यावरील अपघात
लोकलमधून पडून मृत्यू झाल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणात ८ लाख रुपयांचा दावा करता येतो. मुदत १ वर्षाची आहे. मूल अल्पवयीन किंवा अविवाहित असेल तर कायदा पालकांना 'अवलंबित' मानतो. ताब्याची अट त्यात नाही. तिकीट किंवा पास महत्त्वाचा. रूळ ओलांडताना झालेला मृत्यू यात बसत नाही.

रस्ता अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. १ एप्रिल २०२२ पासूनच्या तरतुदीनुसार मुदत ६ महिन्यांची आहे, म्हणून वाट पाहू नये. मूल गमावलेल्या आई-वडिलांना त्या दुःखासाठीही भरपाई मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले. कोणाला किती द्यायचे ते न्यायाधिकरण ठरवते. तिथे शाळेच्या फीच्या पावत्या, पाठवलेली पोटगी, भेटींच्या नोंदी उपयोगी पडतात.

उपचारात हलगर्जी
पैसे भरून घेतलेल्या उपचारांबाबत जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. केसपेपर आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती लगेच मागाव्यात.

मुलाच्या नावावरील पैसा
स्वतंत्र बौद्ध कायद्याची आपली मागणी जुनी आहे. पण आज वारशासाठी १९५६ चा हिंदू वारसा कायदाच आपल्याला लागू होतो. त्यानुसार अविवाहित मुलगी वारल्यास तिची स्वतःची मालमत्ता साधारणपणे आई आणि वडील दोघांना सारखी मिळते. मुलगा वारल्यास आई पहिल्या वर्गातील वारस, तर वडील दुसऱ्या वर्गातील. म्हणजे आई हयात असताना वडिलांचा वाटा नाही, आणि ताबा नसलेल्या आईचा वाटा जात नाही.

मुलाच्या पोटगीचा आदेश असेल तर पैसे परस्पर बंद न करता न्यायालयात अर्ज देऊन आदेश बदलून घ्यावा. पत्नीची पोटगी वेगळी असते.

मोफत वकील
विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर जातीचा दाखला असलेले बौद्धही यात येतात. हेल्पलाइन १५१००. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?
पहिल्या आठवड्यातच मुदतींची यादी लिहून पालकाच्या हाती द्यावी. भांडण कोणाचे खरे, हा निवाडा आपण करू नये. पुण्यानुमोदनाला दोन्ही पालकांना बोलवावे. मूल दोघांचेही होते.